अळसांद्याच्या मुळावरच्या गाठी: जिवाणू खत लावण्यापासून पीक काढेपर्यंत

सरदाचे (पावसाळी) भात कापून झाले की गोव्यातल्या खेर (मध्यम उंचीच्या, वाळूसर) जमिनीत अळसांदे, म्हणजे गोव्याची चवळी, पेरायची घाई सुरू होते. मातीत ओल आहे तोवर बी पडायला हवे, म्हणून बाकीची तयारी मागे पडते. त्या तयारीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त बिघडणारी गोष्ट म्हणजे ऱ्हायझोबियमचे, म्हणजे मुळावर गाठी करणाऱ्या जिवाणूंचे, पाकीट. पाकीट आणले, बियांना चोळले, तरी गाठी नाहीत, अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. दोष पाकिटाचा असतो तसा पुष्कळदा मातीचाही असतो. जिवाणूंना राहायला जागा नीट करून दिली नाही, तर चांगल्यातले चांगले संवर्धकही (पाकिटातले जिवाणू खत) मातीत मरून जाते. म्हणून या लेखात पाकिटाआधी माती येते.

इथली सगळी मापे १००० चौरस मीटरसाठी दिली आहेत. हेक्टरचा आकडा हवा असेल तर दहाने गुणावे.

गाठीत नेमके काय चालते

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण त्याच्या दोन अणूंची जोडी इतकी घट्ट असते की झाडाला तो थेट वापरता येत नाही. ही जोडी फोडणारे विकर, नायट्रोजनेज, फक्त काही जिवाणूंकडे असते. अळसांद्याच्या मुळाभोवती ब्रॅडीऱ्हायझोबियम जातीचे जिवाणू जमतात. मूळ त्यांना ओळखीचा रासायनिक संकेत देते, मूळकेस वाकतात, जिवाणू आत शिरतात आणि तिथे गाठ तयार होते. झाड त्यांना साखर पुरवते, ते झाडाला अमोनिया देतात.

यातल्या तीन गोष्टी शेतात कामाला येतात.

पहिली म्हणजे, नायट्रोजनेजला मोकळा प्राणवायू चालत नाही, पण जिवाणूंना श्वासासाठी तो लागतो. हा तोल लेगहिमोग्लोबिन नावाचे लाल द्रव्य सांभाळते. काम करणारी गाठ आतून गुलाबी दिसते ती त्यामुळे. मुळाशी पाणी साचले की गाठीला हवा मिळत नाही आणि काम थांबते.

दुसरी गोष्ट, हे काम झाडाला महाग पडते. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला एटीपीचे (पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे) १६ रेणू खर्च होतात. मातीत नत्र (झाडाला वापरता येणारा नायट्रोजन) आयते मिळत असेल तर झाड हा खर्च करत नाही, गाठी कमी धरते. पेरणीला भरपूर युरिया टाकला की हाच प्रकार होतो.

तिसरी, या ऊर्जेसाठी स्फुरद (फॉस्फरस) लागते आणि नायट्रोजनेजच्या गाभ्यात लोखंडाबरोबर मॉलिब्डेनम असते. आपल्या जांभ्या मातीत लोखंडाला तोटा नाही. स्फुरद आणि मॉलिब्डेनम मात्र आम्लतेमुळे अडकून पडतात.

माती: अर्धे काम इथेच

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो मातीतला चुना आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो, मागे लोखंड आणि ॲल्युमिनियम राहतात आणि सामू (पीएच) खाली येतो, म्हणजे माती आम्ल होते. अळसांद्याचे जिवाणू आम्लता बरीच सोसतात, तरी सामू ५.५ च्या खाली गेला की त्यांची संख्या रोडावते, आणि मोकळे झालेले ॲल्युमिनियम कोवळी मुळे खुंटवते. म्हणून भात कापायच्या सुमारास मातीचा नमुना विभागीय कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात देऊन सामू आणि स्फुरद तपासून घ्यावे. नमुना शेतातल्या आठ-दहा ठिकाणांहून, १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतचा घ्यावा. मेरेजवळची (बांधाजवळची) आणि शेणखताच्या ढिगाखालची जागा टाळावी.

सामू ५.५ पेक्षा कमी आला तर पेरणीआधी किमान दोन आठवडे, मातीत ओल असताना, १०० ते २०० किलो बारीक चुनखडीची पूड किंवा डोलोमाइट पसरून वरच्या थरात मिसळावे. तेवढे जमत नसेल तर पेरणीच्या सऱ्यांत ३० ते ४० किलो पूड टाकूनही काम निभते, कारण सुरुवातीची मुळे त्याच पट्ट्यात वाढतात. परिणाम मात्र त्याच हंगामापुरता.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. शिंपले भाजून केलेला चुना घरात किंवा बाजारात सहज मिळतो, म्हणून तोच बियांबरोबर सरीत टाकला जातो. भाजलेला चुना दाहक असतो. ओल लागताच तो तापतो आणि त्याला चिकटलेले जिवाणू मरतात. बियांजवळ फक्त न भाजलेली, दळलेली चुनखडी चालते. भाजका चुना वापरायचाच असेल तर जवळपास निम्म्या मात्रेत, पेरणीच्या बऱ्याच आधी, रिकाम्या शेतात पसरावा.

स्फुरदासाठी ३० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पुरते. त्यातून ४.८ किलो स्फुरद (P₂O₅ च्या हिशेबाने) मिळते, वर थोडे गंधकही. ते शेवटच्या नांगरणीला मातीत घालावे. चुना आणि सुपर फॉस्फेट एकत्र मिसळून टाकू नये, मिसळले तर विद्राव्य स्फुरद पुन्हा घट्ट होते. सुपर फॉस्फेट आम्लधर्मी आहे, त्यामुळे जिवाणू लावलेले बी त्याच्या थेट संपर्कात येता कामा नये.

नत्राची सुरुवातीची मात्रा दोन किलोच्या वर नको, म्हणजे युरिया साधारण चार किलो. भाताला शेणखत चांगले मिळालेले असेल तर तोही वगळावा. मॉलिब्डेनम वेगळे देण्याआधी चुन्याचे काम करावे. सामू वर आला की मातीतलेच मॉलिब्डेनम मोकळे होते आणि बहुतेक शेतांना तेवढे पुरते.

खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल शेतांतली, गोष्ट वेगळी. पावसाने धुतलेले मीठ नोव्हेंबरनंतर माती सुकू लागली की पुन्हा वर येते. मिठात मूळकेस नीट वाढत नाहीत आणि जिवाणूंना शिरायला वाट मिळत नाही. अशा जमिनीत पाकिटावर खर्च करण्यात अर्थ नाही. खेर आणि मोरोड (उंचावरच्या) जमिनीत करावा.

पाकीट निवडताना

पाकिटावर नुसते ऱ्हायझोबियम लिहिलेले पुरत नाही, ते कोणत्या पिकासाठी आहे ते पाहावे. चवळी, मूग, उडीद, कुळीथ, भुईमूग आणि ताग यांना एकाच गटातले जिवाणू चालतात, त्यामुळे अळसांद्याला चवळीचे किंवा मुगाचे संवर्धक घेतले तरी हरकत नाही. हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे मात्र चालत नाही.

मग अंतिम तारीख पाहावी. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी आणि द्रवरूप संवर्धकाच्या एका मिलिलिटरमध्ये किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. हा आकडा टिकतो तो सावलीत ठेवलेल्या पाकिटात. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात टांगलेले पाकीट घेऊ नये, आणि घेतलेले पाकीट स्कूटरच्या डिकीत दुपारभर ठेवू नये. भुकटी हाताला किंचित ओलसर लागली पाहिजे. खडखडीत कोरडी किंवा आंबूस वासाची असेल तर परत करावी. घरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे.

पाकीट खरेच लागते का, याचे उत्तर शेतावर अवलंबून आहे. जिथे वर्षानुवर्षे अळसांदे होतात तिथे मातीत स्थानिक जिवाणू असतातच, आणि पाकिटाने पडणारा फरक थोडाच असू शकतो. नवीन शेत, बरीच वर्षे पडीक राहिलेली मोरोड जमीन किंवा भरावाची माती असेल तर मात्र ते वगळू नये. खात्री करायचा उपाय सोपा आहे: दोन ओळी विनाप्रक्रियेच्या बियांच्या ठेवाव्यात. त्या ओळी आधी पेराव्यात, नाहीतर हाताला लागलेले जिवाणू तिथेही पोचतात. १८८० च्या दशकात हेलरीगेल आणि विल्फार्थ या शास्त्रज्ञांनी जर्मनीत हेच ताडून पाहिले होते. निर्जंतुक वाळूतली द्विदल रोपे नत्राविना पिवळी पडली, आणि त्याच वाळूत शेतमातीचे थोडे पाणी घालताच हिरवी झाली. पुढे १८८८ मध्ये बायेरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे करून दाखवले.

बीजप्रक्रिया

१००० चौरस मीटरला ओळीत पेरण्यासाठी दोन ते अडीच किलो बी लागते. अडीच किलोचा हिशेब असा:

१. आदल्या दिवशी १०० मिलिलिटर पाण्यात १० ते १२ ग्रॅम गूळ घालून दहा मिनिटे उकळावा आणि पूर्ण थंड होऊ द्यावा. माडाचा गूळही चालतो. गूळ नसेल तर पेजेवरची निवळ घ्यावी, मात्र मीठ न घातलेली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते उकळताना निघून जाते. न उकळता वापरायचे असेल तर विहिरीचे पाणी घ्यावे.

२. बुरशीपासून संरक्षण हवे असेल तर ट्रायकोडर्मा किलोला पाच ग्रॅम आधी लावावा. रासायनिक बुरशीनाशक लावायचे ठरले तर ते आदल्या दिवशी लावावे आणि ऱ्हायझोबियमची मात्रा दुप्पट करावी. तांबेयुक्त औषधांच्या बियांना ऱ्हायझोबियम लावून उपयोग नाही.

३. थंड झालेल्या गुळाच्या पाण्यात ६० ते ६५ ग्रॅम भुकटी कालवावी. दाट आंबोळीच्या पिठासारखी खळ व्हायला हवी. द्रवरूप संवर्धक असेल तर २५ मिलिलिटर पुरे, आणि पाणी तितके कमी करावे. स्फुरद विरघळवणारे जिवाणू याच खळीत तेवढ्याच मात्रेने घालता येतात. खळ मग जास्त घट्ट होते, म्हणून गुळाचे पाणी थोडे वाढवावे.

४. बी प्लास्टिकच्या घमेल्यात घेऊन वरून खळ थोडी थोडी सोडत बोटांनी हलक्या हाताने फिरवावे. तांब्या-पितळेचे भांडे नको. चोळू नये. अळसांद्याचे टरफल पातळ असते, जास्त ओले झाले की सुरकुतते आणि मग सुटते. प्रत्येक दाण्यावर काळपट थर दिसला आणि घमेल्याच्या तळाशी पाणी उरले नाही, म्हणजे प्रमाण बरोबर जमले.

५. आम्ल जमीन असेल तर दाणे चिकट असतानाच त्यावर चुनखडीची बारीक पूड भुरभुरावी. किलोला ५० ते १०० ग्रॅम, दाणे सुटे होईपर्यंत.

६. सुपात किंवा गोणपाटावर पातळ पसरून सावलीत अर्धा तास सुकवावे. पंखा चालेल, ऊन नको.

प्रक्रिया केलेले बी चार तासांत पेरावे. रात्रभर ठेवायची वेळ आलीच तर गार जागी ठेवावे आणि दुसऱ्या सकाळी पेरून टाकावे. त्यापुढे दर तासाला दाण्यावरचे जिवाणू घटत जातात. म्हणून एकदम सगळे बी न भिजवता सकाळपुरते तेवढेच तयार करावे.

भुईमूग असेल तर हीच कृती आणखी जपून करावी. त्याचे लाल साल निघाले की दाणा कुजतो. खळ निम्म्यावर आणावी आणि परातीत हलवून लावावी.

पेरणी ते पंचविसावा दिवस

पेरणी सकाळी लवकर किंवा चारनंतर, वाफसा असलेल्या मातीत करावी. ओळींत ३० ते ४५ सेंटिमीटर, दाण्यांत १५ सेंटिमीटर, खोली तीन ते चार सेंटिमीटर. सरी उघडून दुपारभर ठेवू नये, बी पडले की लगेच झाकावे. फोकून पेरलेले बी वरच उघडे पडते, आणि नोव्हेंबरचे ऊन त्यावरचे जिवाणू तासाभरात मारते.

पहिल्या गाठी साधारण बारा ते पंधरा दिवसांनी दिसू लागतात, आणि नत्र मिळायला तिसरा आठवडा उजाडतो. बियातला साठा त्याआधीच संपलेला असतो, म्हणून मधले काही दिवस पाने फिकट दिसतात. याच वेळी घाबरून युरिया दिला जातो आणि नुकत्या धरू लागलेल्या गाठी खुंटतात. थांबावे. रंग आपोआप परततो.

विसाव्या दिवसाच्या आसपास एक हलकी कोळपणी द्यावी. तण जाते आणि भाताच्या चिखलणीने घट्ट झालेली माती मोकळी होऊन गाठींना हवा मिळते. पाणी द्यायची सोय असेल तर हलके द्यावे, शेतात पाणी तुंबून राहता कामा नये.

गाठी पाहणे

पेरणीनंतर २८ ते ३२ दिवसांनी शेतातल्या चार-पाच ठिकाणची रोपे काढावीत. उपटू नयेत. उपटताना उत्तम गाठी मातीतच तुटून राहतात आणि गाठी नाहीत असा चुकीचा निष्कर्ष निघतो. रोपापासून वीतभर अंतरावर कुदळ मारून मातीचा गड्डा उचलावा, बादलीभर पाण्यात दहा मिनिटे बुडवून माती आपोआप सुटू द्यावी.

मग मूळ पांढऱ्या ताटलीत पसरावे. आधी गाठी कुठे आहेत ते पाहावे. सोटमुळाच्या वरच्या भागात, खोडाच्या लगत घोसाने असतील तर बियांवरच्या जिवाणूंनी काम केले. दूरच्या तंतुमुळांवर विखुरलेल्या असतील तर त्या बहुधा मातीतल्या स्थानिक जिवाणूंच्या. नंतर चार-पाच गाठी नखाने चिरून रंग पाहावा. आत कलिंगडासारखा गुलाबी ते लाल रंग असेल तर नत्र तयार होते आहे. पांढरी असेल तर एकतर वय लहान आहे किंवा जिवाणू निकामी जातीचे आहेत. आतून हिरवट, मऊ झालेली गाठ म्हणजे तिचे काम संपले. शेंगा भरताना हे साहजिक आहे, पण तिसाव्या दिवशी दिसले तर पाणी साचल्याची किंवा रोपाला ताण बसल्याची खूण समजावी.

वाळूसर खेर जमिनीत आणखी एका गोष्टीने फसायला होते. सूत्रकृमींमुळेही मुळांवर फुगवट्या येतात आणि त्या गाठी समजल्या जातात. फरक बोटांना कळतो. जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि अंगठ्याने ढकलली की निघून येते. सूत्रकृमीची फुगवटी म्हणजे सुजलेले मूळच, ओढले तर मूळ तुटते. आत गुलाबी रंगही नसतो. हे दिसले तर पुढच्या दोन हंगामांत तिथे अळसांदे, भेंडी, वांगी घेऊ नयेत. झेंडू लावावा.

बारीक, पांढऱ्या, असंख्य गाठी असतील तर स्थानिक निकामी जिवाणूंनी जागा बळकावली असे समजावे. पुढच्या वर्षी बियांवरची मात्रा दुप्पट करावी. गाठी लाल असूनही पाने पिवळी असतील तर कारण नत्राबाहेर शोधावे, बहुधा ओल किंवा गंधक. गाठीच नसतील आणि रोप फिकट असेल तर तिसाव्या दिवशी नव्याने संवर्धक ओतून फारसे साधत नाही. पीक वाचवायला ओलीवर चार ते पाच किलो युरिया द्यावा आणि सामूचा अहवाल पुन्हा काढून पाहावा.

भाताचे काय

भाताला गाठी येत नाहीत. त्याच्या मुळाशी राहणारे ॲझोस्पिरिलम थोडे नत्र देते, पण त्याचा बराचसा फायदा मुळे वाढवणाऱ्या संप्रेरकांतून येतो. दहा लिटर पाण्यात २५० ग्रॅम कालवून रोपांची मुळे लावणीआधी वीस मिनिटे बुडवावीत. यावर विसंबून युरिया निम्मा करू नये.

ॲझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारे बारीक नेचे, जास्त भरवशाचा. त्याच्या पानांच्या पोकळीत ॲनाबिना हे निळे-हिरवे जिवाणू राहतात आणि नत्र स्थिर करतात. सरदाच्या मुसळधार पावसात तो वाहून जातो, म्हणून वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या भातात) घ्यावा. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्यात प्लास्टिक अंथरून १५ किलो चाळलेली माती, दोन किलो ताजे शेण, ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि दहा सेंटिमीटर पाणी ठेवावे, वर अर्धा किलो ॲझोला सोडावा. माडाच्या झावळ्यांची अर्धी सावली उत्तम. दहा-पंधरा दिवसांत वाफा भरतो. तो शेताच्या एका कोपऱ्यात बांध घालून वाढवावा आणि मग पसरावा, कारण १००० चौरस मीटरला ५० किलो तरी लागतो. पाण्यावर थर जमला की पाणी काढून चिखलात तुडवावा. तुडवल्याशिवाय त्यातले नत्र भाताला फारसे मिळत नाही. ॲझोला लालसर झाला तर स्फुरदाची कमतरता किंवा ऊन जास्त, हे ओळखावे.

काढणी आणि वेलांचा हिशेब

अळसांदे घेतले की जमीन सुपीक होते, असे सरसकट म्हटले जाते. गाठीतले नत्र आधी झाडात जाते आणि त्यातला मोठा वाटा दाण्यांत उतरतो. दाणे तोणकात (कडधान्याच्या रश्श्यात) गेले आणि वेल गुरांना घातले, तर मातीला फारच थोडे उरते. काही वेळा तर वजाबाकीच होते. म्हणून शेंगा तोडून झाल्यावर वेल उपटू नयेत, कोयत्याने जमिनीलगत कापावेत. मुळे आणि गाठी जागच्या जागी कुजू द्याव्यात.

वेल फेब्रुवारी-मार्चमध्ये लगेच नांगरून गाडणेही फायद्याचे नाही. ओलसर जागी ते कुजतात, नत्र नायट्रेटच्या रूपात मोकळे होते, आणि जूनचा पहिला मोठा पाऊस ते खाली वाहून नेतो. पुढच्या सरद भाताच्या हाती काही लागत नाही. वेल मेरेवर सावलीत, शेण आणि मातीचे थर देत रचून ठेवावेत, वर झावळ्या घालाव्यात आणि महिन्यातून एकदा पाणी शिंपडावे. चिखलणीच्या दोन-तीन दिवस आधी तो ढीग फोडून शेतात पसरावा आणि चिखलात मिसळून टाकावा. मेरेवर गिरिपुष्प असेल तर त्याच वेळी त्याच्या कोवळ्या फांद्याही छाटून त्यात घालाव्यात, लाकडी दांडे मात्र वगळून.